'मार्मिक' म्हणजे नक्की काय? शोकसभेतल्या भाषणाला कुणी मार्मिक म्हटलं तर काय समजायचं?

पारिजात_ऐरोली

नमस्कार मंडळी. प्रश्न एका शब्दाचाच आहे पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय तो नीट विचारता येणार नाही, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आमच्या सोसायटीतले एक काका मागच्या महिन्यात गेले, वय ८३. आयुष्यभर ठाण्यात एका छापखान्यात खिळे जुळारी होते, म्हणजे शिशाची एकेक अक्षरं जुळवून छापायचा मजकूर लावणारे. रिटायर झाल्यावर सोसायटीच्या सगळ्या नोटिसा तेच लिहायचे, स्वतःच्या हाताने, काळ्या स्केचपेनने, आणि लोक त्या नोटिसा वाचायला चक्क थांबायचे. पाण्याची वेळ बदलली की बाकीच्या सोसायट्यांत 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' करून अर्धं पान लावतात ना, काकांनी लिहिलं होतं, "पाणी सकाळी सहा ते सात. नंतर फक्त आठवण." पार्किंगवरून मोठी भांडणं झाली तेव्हा गेटवर लागलं, "गाडी तुमची. वाट सगळ्यांची." आणि आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, दार नीट ओढलं नाही की ती असेल त्या मजल्यावरच अडकून राहते आणि वरचे म्हातारे लोक बटण दाबत उभे. त्या लिफ्टमध्ये काकांनी चिकटवलेली नोटीस अजून आहे, "दार ओढून घ्या. वर कुणीतरी वाट बघतंय."

शोकसभा गच्चीवर झाली, मी पाचेक मिनिटं बोलले, या नोटिसांबद्दलच. बोलताना माझा आवाज दोनदा बसला. रात्री सोसायटीच्या ग्रुपवर चौथ्या मजल्यावरच्या भाईसाहेबांचा मेसेज, ते बनारसचे, "बहन जी का भाषण बहुत मार्मिक था।" मला धस्स झालं. मी कुणाला टोमणा मारला का, कुणाला लागेल असं बोलले का, सगळं भाषण डोक्यात परत परत फिरवलं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "अगं गेलेल्या माणसाच्या सभेत मार्मिक कशाला बोललीस?" काकांच्या मुलानेही दुसऱ्या दिवशी हळूच विचारलं, त्यांना काही खुपलं का म्हणून. भाईसाहेबांना विचारायचा धीर झाला नाही, पण माणूस इतका सज्जन आहे की ते चिमटा काढतील असं वाटतही नाही.

आता दुसरी अडचण. कमिटीने काकांचा फोटो आणि खाली चार ओळी असं एक फ्रेम करून खाली लॉबीत लावायचं ठरवलंय, मराठी आणि हिंदी दोन्हीत, आणि ते लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मी लिहिलं होतं, 'काकांचं मार्मिक लेखन आमच्या कायम स्मरणात राहील.' आता तो शब्द ठेवू की काढू? माझ्या मनात त्याचा अर्थ असा की थोडक्यात, हसवणारं आणि नेमकं बोट ठेवणारं. हे बरोबर आहे का? आणि हिंदीवाले तो वाचून काय समजतील?

घंटाळीकर

ताई, आधी मनावरचं ओझं उतरवा. तुमच्या शेजाऱ्यांनी तुमचं मनापासून कौतुक केलंय. हिंदीत मार्मिक म्हणजे हृदयाला भिडणारं, डोळ्यांत पाणी आणणारं. आपण ज्याला हृदयस्पर्शी म्हणतो ते. तुमचा आवाज दोनदा बसला ना, त्यालाच ते मार्मिक म्हणाले.

मी ३४ वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे या शब्दावर थोडं जास्तच बोलेन, सांभाळून घ्या. मूळ शब्द मर्म. शरीरातली अशी जागा जिथे लागलं तर माणूस वाचणं कठीण. त्यावरून एखाद्या गोष्टीचा गाभा, आतलं रहस्य, हाही अर्थ आला. आता संस्कृतात मार्मिक हा शब्द बोलण्याला नाही तर माणसाला लावलेला सापडतो, मर्म जाणणारा तो मार्मिक. एक सुभाषित आहे, "तत्त्वं किमपि काव्यानां जानाति विरलो भुवि। मार्मिकः को मरन्दानामन्तरेण मधुव्रतम्॥" काव्यातलं तत्त्व जाणणारा जगात विरळा, फुलातल्या मधाचं मर्म भुंग्याशिवाय कुणाला कळणार. इथे विनोदाचा मागमूस नाही आणि रडण्याचाही नाही, मार्मिक म्हणजे जाणकार रसिक, बस.

पुढे एकाच शब्दाच्या दोन वाटा झाल्या. हिंदीने धरलं, जे मर्माला जाऊन लागतं ते मार्मिक, म्हणजे ऐकणाऱ्याचं काळीज हललं पाहिजे. मराठीने धरलं, ज्याला मर्म सापडलंय अशा माणसाचं बोलणं ते मार्मिक. आपल्याकडे भर बोलणाऱ्याच्या नजरेवर आहे. म्हणून आपण मार्मिक निरीक्षण म्हणतो, मार्मिक प्रश्न म्हणतो, आणि 'तो मार्मिक हसला' असंही म्हणतो. हे शेवटचं बघा, न बोलता नुसतं हसूनही मार्मिक होता येतं, कारण त्या हसण्यात 'मला कळलंय बरं' हे असतं.

तुमचा अर्थ शंभर टक्के बरोबर आहे. शब्द काढू नका.

टिकटिक_कळवा

सर नमस्कार, मी मूळचा प्रयागराजकडचा, १९९८ पासून कळव्यात आहे, मराठी बोलतो पण लिहिताना चूक झाली तर माफ करा. आमच्याकडे मार्मिक म्हणजे सरांनी सांगितलं तेच. न्यूजमध्ये मार्मिक अपील, मार्मिक दृश्य, मार्मिक प्रसंग रोज येतं. एखाद्या आईने हरवलेल्या मुलासाठी हात जोडले तर ती मार्मिक अपील. त्याच्यात हसण्याची गोष्ट असूच शकत नाही. मला खूप वर्षांनी कळलं की मराठी माणूस मार्मिक ऐकून गालात हसतो.

असे शब्द अजून पण आहेत. मी नोकरीला लागलो तेव्हा साहेबांना म्हणालो, सर मैं पूरी चेष्टा करूँगा, ते मराठी, ते माझ्याकडे बघतच राहिले, कारण इथे चेष्टा म्हणजे थट्टा आणि आमच्याकडे प्रयत्न. शिक्षा शब्दाचं तर सगळ्यांना माहीत आहे. पण हे शब्द सरळ उलटे आहेत, पकडता येतात. मार्मिक जास्त अवघड आहे कारण दोन्हीकडे ती चांगलीच गोष्ट आहे, तारीफच आहे, म्हणून गैरसमज झाला तरी वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. ताई, त्या भाईसाहेबांना एकदा भेटून धन्यवाद नक्की द्या.

नौपाड्याची_मावशी

घंटाळीकर सरांचं पटलं पण एक भर घालते. माझ्या पिढीने हा शब्द शाळेच्या पुस्तकाआधी स्टॉलवर पाहिला. १३ ऑगस्ट १९६० ला बाळासाहेब ठाकरे आणि श्रीकांत ठाकरे यांनी 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केलं, प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं होतं. आमच्याकडे वडील आणायचे. मग मार्मिक म्हटलं की डोळ्यांसमोर कुंचल्याची दोन रेघांची चित्रं आणि खाली एक ओळ, मोठ्या माणसाच्या पगडीला हात घालणारी. त्यामुळे आमच्या वयाच्या लोकांच्या कानात मार्मिकला जो बोचरेपणा आहे तो तिथून आलाय असं मला वाटतं. पारिजातच्या आईचं वय साधारण माझंच असणार, तिला शोकसभेत तो शब्द खटकणं अगदी साहजिक आहे.

कॉपी_पेस्ट_नाही

मी वागळे इस्टेटमधल्या एका एजन्सीत जाहिरातींची कॉपी लिहितो, मराठी आणि इंग्लिश दोन्ही. क्लायंटला रोज 'विटी' लाइन पाहिजे असते आणि मराठी ब्रीफमध्ये त्याचं भाषांतर कुणीतरी 'विनोदी' करून पाठवतं, मग सगळी टीम जोक लिहीत बसते. मार्मिक हा त्यासाठी बरोबर शब्द आहे हे हा थ्रेड वाचून पक्कं झालं. आणि एक मजेशीर गोष्ट, इंग्लिशमधला विट हा शब्द आणि आपला विद् धातू, ज्यातून वेद आणि विद्या आले, हे मुळात एकाच घराण्यातले आहेत. म्हणजे विटच्या पोटात सुद्धा आधी जाणणं आहे, हसणं नंतर आलं. सरांनी संस्कृतातल्या मार्मिकबद्दल जे सांगितलं तेच झालं की हे, दोन्हीकडे आधी कळलं पाहिजे.

मला एक विचारायचंय, मार्मिक आणि खोचक यात फरक काय करायचा? आमच्याकडची पोरं दोन्हीला सरसकट 'सॅव्हेज' म्हणतात.

घंटाळीकर

खोचक बोलण्याला समोर माणूस लागतो, ज्याला खोचायचं तो. मार्मिक बोलण्याला विषय लागतो. काकांची पाण्याची नोटीस बघा, "नंतर फक्त आठवण", यात कुणाला खोचलंय? कुणालाच नाही. पाणी गेल्यावर बादली रिकामी राहिली की आपल्याला जे वाटतं ते त्यांनी दोन शब्दांत धरलंय.

मराठीत यासाठी शब्दांची एवढी मोठी उतरंड आहे की माझा जीव त्यात रमतो. टोमणा मारायचा, त्यात मनातली जुनी अढी असते. चिमटा काढायचा, तो तेवढ्यापुरता. कोपरखळी शेजारी बसलेल्या दोस्ताला, कारण कोपर जवळच्यालाच लागतं. शालजोडीतला द्यायचा तो मोठ्या माणसाला, भर सभेत, वरून मान आणि आतून जोडा. तिरकस म्हणजे सरळ न बोलणारं, मिश्किल म्हणजे डोळ्यांत आधी दिसणारं. आणि वाचताना मजा आली की आपण स्वयंपाकघरात शिरतो, चुरचुरीत, खुसखुशीत, खमंग, चटकदार. या सगळ्यांत मार्मिक वेगळा पडतो तो याच्यासाठी की बाकीचे शब्द चव सांगतात किंवा मार सांगतात, मार्मिक हा एकटाच शब्द सांगतो की बोलणाऱ्याला काहीतरी कळलेलं आहे.

मर्माचंच मराठीतलं दुसरं रूप वर्म. वर्मावर बोट ठेवणं, वर्मी लागणं. गंमत म्हणजे संस्कृतात वर्म म्हणजे चिलखत, जिथे बाण लागू नये म्हणून घालायचं ते. आणि आपल्या मराठीत वर्म म्हणजे नेमकी ती जागा जिथे लागतं. वर्मी लागतं ते दुखतं. मार्मिक त्याच्या शेजारचाच शब्द, म्हणून मावशी म्हणतात तो बोचरेपणा साप्ताहिकाच्या आधीपासूनही थोडा असणार, पण साप्ताहिकाने तो पक्का केला हे मान्य.

कॉपी_पेस्ट_नाही

आणि कोटी? गडकरी, पुलं, आपल्याकडे कोटीला केवढा मान आहे.

घंटाळीकर

कोटी शब्दांवर होते. शब्दाचे दोन अर्थ आणले समोरासमोर की कोटी झाली, दुसऱ्या भाषेत नेली की बहुतेक वेळा मरते. मार्मिक वाक्य दुसऱ्या भाषेत जाऊ शकतं. एखादं वाक्य दोन्ही असू शकतं, पण कोटी साधली म्हणून मार्मिक झालं असं नाही. रोज सकाळी फॉरवर्ड येतात त्यातल्या बऱ्याच कोट्या असतात आणि त्यांच्यात मर्म शोधून सापडत नाही.

कड_कट्ट

मी तारखात्यात होतो, १५ जुलै २०१३ ला देशातली तारसेवा बंद झाली त्याच्या काही वर्षं आधी निवृत्त झालो. वरती दोन तीन जणांनी 'थोडक्यात' वर भर दिलाय म्हणून लिहितोय. आमच्याकडे प्रत्येक शब्दाचे पैसे पडायचे. लोक काउंटरवर उभे राहून शब्द खोडायचे, 'कृपया' खोडा, 'आपला' खोडा, नाव सुद्धा अर्धं करा. मी हजारो मजकूर पाहिले आणि त्याहून थोडक्यात बोलणं जगात नसेल. पण ते मार्मिक नव्हतं. 'आई गंभीर लगेच ये' यात एक अक्षर जास्त नाही, पण बोलणाऱ्याने काही मर्म पकडलंय का, तर नाही, त्याने फक्त पैसे आणि वेळ वाचवलाय. हिंदीवाल्या भावाच्या अर्थाने मात्र ती तार मार्मिक, घरात तार आली म्हटलं की वाचायच्या आधीच बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

म्हणून माझं म्हणणं असं की कमी शब्द म्हणजे मार्मिक असं कुणी धरू नये. कमी शब्दांना आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत, त्रोटक म्हणजे हवं तेही राहून गेलं, मोजकं म्हणजे मोजून दिलं, आटोपशीर म्हणजे पसारा आवरलेला. तुमचे काका खिळे जुळारी होते म्हणजे त्यांना हे सगळं हाताने माहीत असणार. मी छापखान्यात पाहिलंय, शिशाचा एकेक खिळा उचलायचा, अक्षर उलटं, ओळ उलटी, जोडाक्षरांचे खिळे वेगळे, शेकडो घरांच्या पेटीतून हात न बघता फिरायचा. असा माणूस उगाच 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' कशाला लिहील, त्याला त्यातला प्रत्येक खिळा दिसत असणार.

घणसोलीचा_पोरगा

लय भारी चर्चा. आमच्याकडचा एक किस्सा. मी आगरी, घणसोली गावातला. आमच्या लग्नात हळदीपासून ढवळे गाणाऱ्या ढवलारणी असतात, माझी आजी त्यातली, शाळेत गेली नाही पण तिच्या तोंडासमोर कुणी उभा रायचा नाही. चुलत भावाच्या लग्नात एक पुढारी आले आणि माइक सोडेनात, पंगत मांडलेली, वरण भात वाढलेला, कुणी उठून सांगायला तयार नाही कारण मोठा माणूस. आजी पुढे बसलेली, ती शेजारणीला म्हणाली पण सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी, "जेवान निवला, भाषान नाय निवला." पुढारी स्वतः हसले आणि माइक ठेवून पंगतीला बसले.

आता सर सांगा हे खोचक का मार्मिक. माणूस तर समोर होता.

घंटाळीकर

मार्मिक. माझ्या व्याख्येत बसत नाही तर व्याख्या बदलतो! तुझ्या आजीने माणसाला धरलं नाही, जेवण आणि भाषण शेजारी शेजारी ठेवले, एकाच शब्दाने दोन्ही मोजले. म्हणून तो माणूस हसू शकला. ज्याच्यावर बोललंय त्याला हसायला जागा उरली तर मार्मिक, उरली नाही तर खोचक. ही कसोटी मला आज तुझ्या आजीकडून मिळाली. त्यांना नमस्कार सांग.

घणसोलीचा_पोरगा

आजी २०१९ ला गेली सर. पण आईला वाचून दाखवतो, तिलाही ढवळे येतात.

नाडी_नेरूळ

आयुर्वेदाचा वैद्य आहे, नेरूळला प्रॅक्टिस करतो, मर्म शब्द निघाला म्हणून राहवलं नाही. सुश्रुत संहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मं सांगितली आहेत, हातापायांत ४४, धडात २६ आणि मानेच्या वर डोक्यापर्यंत ३७. आम्हाला पहिल्या वर्षी पाठ करायला लागतात. त्यांची मापं सुद्धा दिलीत आणि ती अंगुळांत आहेत, काही मर्मं अर्ध्या अंगुळाएवढी आहेत. अर्धं अंगुळ! एवढ्याशा जागेवर लागलं तर माणूस जातो किंवा जन्माचा अधू होतो, आणि दोन बोटं बाजूला लागलं तर जखम भरून येते.

माझ्या मते थोडक्यात बोलण्याचा आणि मार्मिकचा संबंध इथे आहे. तारमास्तर काका म्हणतात ते खरंय, कमी शब्द हा मार्मिकपणाचा नियम नाही. पण मर्म ही जागाच छोटी आहे. तिथे भाला लागत नाही, सुई पुरते. ज्याला जागा सापडली नाही तो आजूबाजूला टोचत राहतो, म्हणजे परिच्छेद लिहितो. ज्याला सापडली त्याचं काम दोन शब्दांत होतं, त्याने शब्द वाचवायचे असं ठरवलेलं नसतं.

आणखी एक सांगतो. सुश्रुताने मर्मांचे परिणामावरून पाच प्रकार केलेत, लगेच प्राण घेणारी, काही काळाने घेणारी, व्यंग आणणारी, फक्त वेदना देणारी, आणि एक विशल्यघ्न. ही तीनच आहेत, दोन कानशिलांच्या वरच्या बाजूला आणि एक दोन भुवयांच्या मधे. शल्य म्हणजे आत रुतलेला बाण. या जागी बाण रुतला तर तो आत असेपर्यंत माणूस जगतो, उपटून काढला की मरतो. मी कॉलेजात असताना हे वाचून पुस्तक बाजूला ठेवलं होतं आणि बराच वेळ बसून राहिलो होतो. चांगल्या मार्मिक वाक्याचं मला असंच वाटतं. ते रुतलेलं असतं तोवर जिवंत, आणि 'म्हणजे त्यांना असं म्हणायचं होतं की' करून ओढून बाहेर काढलं की संपलं. पारिजातताई, फ्रेममध्ये काकांच्या नोटिसांचा अर्थ समजावून सांगू नका एवढंच माझं म्हणणं.

नौपाड्याची_मावशी

वैद्यबुवा, हे वाचून मी पण मोबाईल बाजूला ठेवून बसले. पारिजात, अगं मला आता असं वाटायला लागलंय की 'काकांचं मार्मिक लेखन' हे शब्दच त्या फ्रेमला कमी पडतात. एखादी भाजी झणझणीत आहे असं सांगण्यापेक्षा घासभर वाढावी ना. नोटिसाच लिही.

टिकटिक_कळवा

मावशींना अनुमोदन. आणि हिंदीचं सांगतो, मार्मिक शब्द तसाच हिंदीत टाकला तर आमचे लोक समजतील काका दुःखी कविता लिहायचे. हिंदीत या गुणासाठी चुटीला म्हणतात, सटीक म्हणतात, पण चुटीलामध्ये चोट आहे आणि सटीकमध्ये हसू नाही. मराठी मार्मिकला बरोबर शब्द मला तरी सुचत नाही. नोटीसच भाषांतर करा.

पारिजात_ऐरोली

सगळ्यांचे खूप खूप आभार, चार दिवस लिहायला जमलं नाही.

मी भाईसाहेबांकडे गेले. त्यांना काही कल्पनाच नव्हती, मी सांगितल्यावर ते इतके ओशाळले की मलाच वाईट वाटलं, मग वहिनींनी चहा केला आणि आम्ही तासभर काकांबद्दलच बोललो. त्यांनी एक गोष्ट सांगितली जी आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. भाईसाहेबांची आई पाच वर्षांपूर्वी इथेच आजारी होती, त्यांना रोज दोनदा फिजिओला खाली न्यायचं असायचं आणि लिफ्ट सारखी कुठेतरी अडकलेली. त्यांनी कुणाकडे तक्रार केली नव्हती. लिफ्टमधली नोटीस त्याच आठवड्यात लागली होती. "वर कुणीतरी वाट बघतंय" हे त्यांच्या आईबद्दल होतं. मराठी वाचता येतं त्यांना, पण आईबद्दल आहे हे त्यांना तेव्हाच कळलं होतं आणि आम्ही सगळे इतकी वर्षं ती नोटीस वाचून नुसते हसत होतो, छान लिहिलंय म्हणून.

म्हणजे भाईसाहेब भाषणाला मार्मिक का म्हणाले ते आता कळलं, मी ती नोटीस वाचून दाखवली होती ना.

आईला हा सगळा थ्रेड वाचून दाखवला. ती दरवर्षी ज्ञानेश्वरीचं पारायण करते. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, तुम्ही एवढे शब्द शोधताय, माउलींनी तेराव्या अध्यायात म्हणून ठेवलंय, "साच आणि मवाळ, मितुले आणि रसाळ, शब्द जैसे कल्लोळ अमृताचे." खरं आणि मऊ, मोजकं आणि रसाळ. मी म्हटलं आई यात मार्मिक कुठे आलं? ती म्हणाली, खरं पण बोलायचं आणि मऊ पण राहायचं, हे मर्म कळल्याशिवाय जमतं का. घंटाळीकर सर, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं.

फ्रेममधून 'मार्मिक' काढला. फोटो, नाव, 'खिळे जुळारी', जन्म आणि मृत्यूचं वर्ष, आणि खाली तीन नोटिसा, त्यांच्याच अक्षरातल्या, स्कॅन करून. त्याच्या खाली हिंदी भाईसाहेबांनी केलं.

कड_कट्ट

लिफ्टच्या नोटिशीचं हिंदी काय केलं?

पारिजात_ऐरोली

"दरवाज़ा खींच लीजिए। ऊपर कोई राह देख रहा है।"

त्यांनी आधी दरवाज्याच्या ओळीत 'कृपया' घातलं होतं, मग स्वतःच खोडलं.

घंटाळीकर

उत्तम केलं. आणि बघा, मी म्हटलं होतं ना, गेलं की नाही दुसऱ्या भाषेत जसंच्या तसं. पाण्याची नोटीस पण जाईल. ती लिफ्टमधली मूळ नोटीस मात्र जपा, स्केचपेनची शाई उडत जाते.

पारिजात_ऐरोली

हो सर, लॅमिनेट करून घेतली. नवीन ऑटोमॅटिक दाराची लिफ्ट मंजूर झालीये, दिवाळीनंतर काम सुरू होईल, मग ती नोटीस काकांच्या मुलाकडे द्यायचं ठरलंय. तोपर्यंत लिफ्टमध्येच आहे, दार अजून ओढावंच लागतं.